ओढ्यात परात चालेल, मोटर नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या पुरवणीत मध्यंतरी अमेरिकेला मुलांकडे येणाऱ्या पालकांसाठी एक लेख आला होता, कॅलिफोर्नियाच्या ओढ्यांमध्ये सोनं शोधायच्या छंदावर. तो आमच्या इकडच्या मराठी ग्रुपवर भरपूर फिरला आणि दोन-तीन जणांनी लगेच सुट्टीचे प्लॅनही केले. लेख चांगलाच होता. पण शेवटी असं लिहिलं होतं की छोटी मोटर लावून गाळ ओढला तर जास्त सोनं मिळतं, पण इथलं सरकार पर्यावरणाचं कारण सांगून हौशी लोकांना उगाच अडवतं. हे वाचून मला राहवलं नाही. मी फॉल्समला राहते, सोनं सापडल्यावर जिथून लोकांची झुंबड, म्हणजे गोल्ड रश, सुरू झाली ते कोलोमा आमच्यापासून तासाभराच्या आत आहे, मी स्वतः हौसेने पॅन घेऊन नदीत बसणारी बाई आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की मोटरवरची बंदी अगदी बरोबर आहे. त्यात एकच कमी आहे, ती मी शेवटी सांगते.

आधी काय चालतं ते बघू, कारण तुमच्या वाचकांना वाटेल की सगळंच बंद आहे, तसं अजिबात नाही. हातात पॅन घ्यायचा, म्हणजे आपली पसरट परातच, फक्त तिला एका बाजूला आडव्या खाचा असतात, त्यात नदीची वाळू घ्यायची, पाण्यात हलवत हलवत हलकी वाळू बाहेर जाऊ द्यायची, शेवटी तळाला काळी लोखंडी वाळू राहते आणि नशीब असेल तर तिच्यात दोन-चार पिवळे कण. कोलोमाच्या स्टेट पार्कमध्ये नदीच्या ठरलेल्या काठावर हे करता येतं, ऑबर्नच्या रिक्रिएशन एरियातही येतं, पण तिथे नियम एकच, हात आणि पॅन. फावडं नाही, कुदळ नाही, वाळू धुवायची लाकडी पन्हळ नाही, मोटर तर नाहीच. नॅशनल फॉरेस्टच्या जमिनीवर थोडी जास्त मोकळीक असते, पण तिथे दुसऱ्या कोणाचा क्लेम आहे का ते आधी बघावं लागतं, कारण १८७२ च्या खाण कायद्याखाली अजूनही लोक क्लेम लावतात आणि त्या तुकड्यातल्या खनिजावर त्यांचा हक्क असतो. दिवसभर बसलं तर पेट्रोलचे पैसेही सुटत नाहीत, पण ज्याला नदीत पाय सोडून बसायला आवडतं त्याला त्याचं काही वाटत नाही.

आता मोटर म्हणजे काय ते लेखात नीट आलं नव्हतं. इथे त्याला सक्शन ड्रेज म्हणतात. पाण्यावर तरंगणारे दोन फुगे, त्यावर पेट्रोलचं इंजिन आणि पंप, पंपाला चार-सहा इंची जाड पाइप, तो पाइप हातात धरून माणूस पाणबुड्यासारखा पाण्याखाली जातो, वरून त्याला नळीने हवा मिळते, आणि तो नदीचा तळ ओढत ओढत खालच्या कातळापर्यंत पोचतो. ओढलेली वाळू, गोटे, माती सगळं वरच्या पन्हळीतून जातं, जड सोनं तिथे अडकतं आणि बाकीचं सगळं मागच्या बाजूने परत नदीत. बंदी यायच्या आधी कॅलिफोर्नियात याचे वर्षाला तीन हजारांवर परवाने निघायचे. म्हणजे एकटा माणूस छोटा हे खरं, पण उन्हाळ्यात एकाच नदीवर अशी मशीनं ओळीने लागली की त्याला छोटं म्हणता येत नाही.

आणि मुख्य गोष्ट पुढेच आहे. या नद्यांच्या तळाशी पारा आहे. हे आपल्याकडे फारसं कोणाला माहीत नसतं आणि इथे येऊन वर्षानुवर्षं राहणाऱ्या आपल्या लोकांनाही माहीत नसतं.

१८४८ च्या जानेवारीत कोलोमाला सोनं सापडलं, पुढच्या चार-पाच वर्षांत वरवरचं सोनं संपत आलं आणि १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ लोकांनी नवीनच पद्धत काढली, डोंगरावर तोफेसारख्या नळ्यांनी पाण्याचा प्रचंड फवारा मारायचा, अख्खा डोंगर विरघळवून खाली आणायचा आणि तो चिखल लांबच लांब पन्हळींमधून सोडायचा. पन्हळीत पारा ओतलेला असायचा, कारण सोन्याचा बारीक कण पाऱ्याला चिकटतो. हा पारा लांबून आणायचीही गरज नव्हती, सॅन होजेजवळच न्यू अल्माडेनला पाऱ्याची मोठी खाण होती, आज तिथे काउंटी पार्क आहे आणि बे एरियातले आपले कितीतरी लोक शनिवार-रविवारी तिथे चालायला जातात. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा अंदाज असा की कॅलिफोर्नियात सोनं काढायला साधारण २ कोटी ६० लाख पौंड पारा वापरला गेला, आणि त्यातला सुमारे १ कोटी पौंड, म्हणजे साडेचार हजार टन, नद्यानाल्यांत निसटला. एका हंगामात पन्हळीत ओतलेल्या पाऱ्यातला दहा ते तीस टक्के वाहून जायचा. त्यातला बहुतेक सगळा या सिएरा नेवाडाच्या उतारावर, म्हणजे युबा, बेअर, अमेरिकन या नद्यांमध्ये.

या डोंगर फोडण्यामुळे खाली काय झालं तेही सांगते, कारण शेतकऱ्याचं दुःख आपल्या वाचकाला लगेच कळेल. वरून आलेल्या गाळाने युबा नदीचा तळ इतका वर आला की मेरीजव्हिल गावाचे रस्ते नदीच्या तळापेक्षा खाली गेले. १८७५ ला पूर आला आणि गावात गाळ भरला, आजूबाजूची शेतं, फळबागा दगडगोट्यांखाली कायमच्या गेल्या. खाणवाले म्हणायचे आम्ही राज्य उभं केलं, आमचा हक्क. शेवटी शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी १८८४ मध्ये न्यायाधीश लॉरेन्झो सॉयर यांनी निकाल दिला की खाली राहणाऱ्यांच्या जमिनीवर असा गाळ सोडता येणार नाही. नदीत काय टाकायचं यावर अमेरिकेत एवढ्या मोठ्या धंद्याला कोर्टाने लगाम घातल्याचं हे फार सुरुवातीचं उदाहरण आहे. मालाकॉफ डिगिन्स नावाच्या अशाच एका खाणीचा खड्डा आजही आहे, स्टेट पार्क आहे, बघायला सुंदर दिसतो, पण तिथून निघणाऱ्या हंबग क्रीकला अजूनही पावसाळ्यात गढूळ पाणी येतं. एकशेचाळीस वर्षं झाली तरी.

तर तो पारा कुठे गेला? कुठे जाणार, पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, तो वाळूतून खाली खाली सरकत कातळाच्या भेगांमध्ये जाऊन बसला. आणि सोनंही जड असल्यामुळे नेमकं त्याच भेगांमध्ये बसतं. म्हणजे जो माणूस मशीन लावून सोन्याच्या मागे कातळापर्यंत जाणार तो पाऱ्यापर्यंतही जाणारच, त्याची इच्छा असो नसो. इथल्या जुन्या ड्रेजवाल्यांना हे चांगलं माहीत आहे, त्यांना पन्हळीत चांदीसारखं पांढरं झालेलं सोनं मिळतं, ते पाऱ्याने माखलेलं सोनं असतं.

आता ड्रेजवाल्यांचा एक मुद्दा आहे आणि तो खोटा नाही, म्हणून नीट मांडते. ते म्हणतात अहो आम्ही तर नदी साफ करतोय, पारा काढतोय, गळाची शिशाची वजनं काढतोय, सरकारने आम्हाला पैसे द्यायला पाहिजेत. राज्याच्या जल मंडळाने साउथ फोर्क अमेरिकन नदीत, म्हणजे आमच्याच नदीत, एका पारा साठलेल्या जागी ड्रेज लावून चाचणी केली, २००५ ला तिचा अहवाल आला, आणि त्यात खरंच ९८ टक्के पारा मशीनमध्ये अडकला. ऐकायला फार छान वाटतं. पण उरलेले दोन टक्के बघा. मशीनच्या मागून जो गाळ बाहेर पडला त्यातला पारा इतका होता की तो गाळ कायद्याने घातक कचरा ठरतो त्या पातळीच्याही दहा पटीने वर. आणि तो पारा आता भेगेत थेंब होऊन पडलेला राहिला नव्हता, पंपात घुसळून त्याची भुकटी झाली होती, अशी बारीक की ती पाण्यावर तरंगत कुठच्या कुठे जाते. आत्तापर्यंत तो पारा एका जागी झोपला होता, तो उठून खालच्या तलावाच्या चिखलात गेला, तिथे बॅक्टेरिया त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते किड्यात जातं, किड्यातून छोट्या माशात, छोट्यातून मोठ्या माशात, आणि प्रत्येक पायरीला वाढत जातं. मिनामाताला जपानमध्ये लोकांचे हातपाय वाकडे झाले ते याच मिथाइल मर्क्युरीमुळे. इथे तेवढं प्रमाण नाही, घाबरवायचं म्हणून सांगत नाहीये, पण विष तेच आहे.

आमच्या घराजवळच्या लेक नटोमाच्या माशांसाठी राज्याची सूचना आहे, कुठला मासा आठवड्याला किती खायचा, गरोदर बायकांनी आणि लहान मुलांनी कुठला टाळायचा. बेअर आणि युबा नदीवरच्या रोलिन्स, कॉम्बी, एंगलब्राइट या जलाशयांसाठीही आहे. आपले लोक गळ टाकतात, बास नावाचा मासा पकडून आणून घरी तळतात, मी स्वतः कोकणातली, मला माशाशिवाय जेवण जात नाही, पण ही सूचना वाचलेला मराठी माणूस मला अजून क्वचितच भेटलाय. तुम्ही सोन्याच्या छंदावर अर्धं पान दिलंत, त्यात या दोन ओळी असत्या तर फार बरं झालं असतं.

ड्रेजवाल्यांचा दुसरा मुद्दा पुराचा. हिवाळ्यात एक मोठा पूर येतो तो आमच्या सगळ्या मशीनपेक्षा हजार पट गाळ हलवतो, मग आमच्यावरच डोळा का? यावर मी बराच विचार केला आणि मला हा मुद्दा लंगडा वाटतो. पूर हिवाळ्यात येतो, तेव्हा पाणी थंड आणि भरपूर असतं, गाळ पसरून विरळ होतो. ड्रेज चालतो उन्हाळ्यात, पाणी कमी, कोमट, मासे उरलेल्या थंड डोहांमध्ये जीव धरून असतात आणि नेमक्या त्याच डोहात मशीन घुसतं. शिवाय पूर वरचा थर हलवतो, खाली घट्ट बसलेला, दीडशे वर्षं न हललेला थर तो प्रत्येक वर्षी हलवत नाही, आणि मशीन मुद्दाम तिथपर्यंतच खणतं कारण सोनं तिथे आहे.

माशांचं अजून एक आहे. सॅल्मनची मादी नदीतल्या गोट्यांमध्ये शेपटीने खड्डा करते, अंडी घालते आणि वरून गोटे लोटते. त्या गोट्यांच्या फटींतून स्वच्छ पाणी खेळत राहिलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो, बारीक माती बसली की अंडी गुदमरतात. ड्रेजच्या मागे जो सैल गोट्यांचा ढीग पडतो तो मादीला फार आवडतो, खणायला सोपा, तिथे ती अंडी घालते, आणि हिवाळ्याच्या पहिल्या मोठ्या पाण्यात तो सैल ढीग अंड्यांसकट वाहून जातो. हे वाचल्यावर मला फार वाईट वाटलं होतं. लँप्रे नावाचा बाममाशासारखा लांबट जीव आहे, त्याची पिल्लं तर कित्येक वर्षं तळाच्या गाळातच पुरून राहतात, त्यांना पाइपपासून पळायलाही येत नाही.

आमच्या अमेरिकन नदीत समुद्रातून अंडी घालायला येणारे सॅल्मन आता फॉल्समच्या खालच्या निंबस धरणापर्यंतच येतात, वर धरणांनी वाट अडवली. पण वर उत्तरेला क्लॅमथ नदीवर कारुक म्हणून मूळ रहिवासी लोक आहेत, त्यांचं खाणं, सण, सगळं सॅल्मनवर. गोल्ड रशच्या काळात या लोकांवर काय अत्याचार झाले तो वेगळा आणि भयानक इतिहास आहे. त्या कारुक लोकांनी २००५ ला राज्याच्या मासे आणि वन्यजीव खात्यावर केस केली की तुम्ही ड्रेजचे परवाने वाटताय पण संकटात असलेल्या कोहो सॅल्मनचा विचारच केलेला नाही. तेव्हा त्यांना पुष्कळांनी सांगितलं की मासे धरणांनी मेले, आमच्या पाइपने नाही. धरणांनी मेले हे खरंच होतं. पण २०२४ पर्यंत क्लॅमथवरची वाट अडवणारी चार धरणं पाडून झाली आणि त्याच वर्षी शरदात सॅल्मन धरणांच्या वरच्या पाण्यात परत पोचले. एवढी धरणं पाडायची आणि मग वरच्या ओढ्यांमध्ये छंदासाठी पाइप घालायचे, याला काय अर्थ आहे तुम्हीच सांगा.

कायद्याचा प्रवास थोडक्यात सांगते. ऑगस्ट २००९ मध्ये कॅलिफोर्नियाने ड्रेजिंग तात्पुरतं थांबवलं, मग ती स्थगिती वाढत गेली. लोकांनी पळवाटा काढल्या, कायद्यात ड्रेजची जी व्याख्या होती तीत बसू नये म्हणून मशीनचे भाग काढले, बदलले, आणि म्हणाले हे आता ड्रेजच नाही. म्हणून २०१५ ला नवीन कायदा करून व्याख्या रुंद केली आणि जल मंडळाची परवानगीही सक्तीची केली, आणि व्यवहारात राज्यभर मोटरने तळ ओढणं बंदच आहे. एक जण क्लेमचा हक्क घेऊन कोर्टात लढला, की १८७२ चा केंद्राचा कायदा मला खाणीचा हक्क देतो, राज्य अडवू शकत नाही. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ ला एकमताने सांगितलं की त्या कायद्याने जमिनीवरचा हक्क मिळतो, राज्याच्या पर्यावरणाच्या नियमांतून सुटका मिळत नाही, आणि २०१८ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. शेजारच्या ओरेगॉनने सॅल्मनच्या महत्त्वाच्या नद्यांमध्ये कायमची बंदी आणली, वॉशिंग्टन राज्याने २०२० मध्ये तेच केलं. म्हणजे कॅलिफोर्निया एकटा हेकटपणा करतोय असं नाही. न्यूझीलंडला ॲरोटाउनच्या ॲरो नदीवर कोणीही सोनं शोधू शकतं, पण हाताच्या अवजारांनी. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात तर सामान्य माणसाने सोनं शोधायचा हक्क १८५४ च्या खाणकामगारांच्या युरेका बंडातून रक्त सांडून मिळवलाय, आजही लोक अभिमानाने मायनर्स राइटचा, म्हणजे सोनं शोधायच्या परवान्याचा कागद काढतात, आणि तिथेही खणायला हाताचीच अवजारं. हक्क शाबूत, मोटर नाही.

आणि हे आपल्याला नवीन का वाटावं? मी चिपळूणकडची. वाशिष्ठीच्या खाडीत हातपाटीची वाळू काढणारे लोक आम्ही लहानपणापासून बघितलेत, बुडी मारून पाटीने वाळू वर आणायची, होडीत भरायची. सरकार हातपाटीला वेगळा परवाना देतं, आणि सक्शन पंप वेगळा धरतं, कारण पंपाने खाडीचा तळ खरवडला की काठ ढासळतात, मासळी जाते, शेतात खारं पाणी येतं. भीमेच्या पात्रात दौंड-इंदापूरकडे महसूलवाले सक्शनच्या बोटी पकडून जिलेटिनने उडवतात त्याच्या बातम्या तर तुमच्याच पेपरात येतात. इथला ड्रेज आणि तिथली ती बोट, पंपाचं तत्त्व एकच आहे, फरक फक्त आकाराचा आणि काय शोधायचं याचा. त्या बोटीला वाळूमाफिया म्हणायचं आणि या मशीनला हौस म्हणायचं, मला हे पटत नाही.

'आम्ही छोटे आहोत' हेही आपल्याकडे झालंय. पाच हेक्टरच्या आतल्या वाळू-मुरूमाच्या खाणींना पर्यावरणाची परवानगी लागायची नाही, म्हणून मोठी पट्टी तोडून छोटे छोटे लीज केले जायचे. शेवटी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सांगितलं की पाच हेक्टरच्या आतलं असलं तरी परवानगी घ्या, कारण छोटे छोटे मिळूनच नदी संपते. नदीला कळत नाही की हा धंदा आहे का छंद आहे. पोटासाठी सोनं धुणाऱ्यांची गोष्ट मी वेगळी धरते, झारखंडला सुवर्णरेखेच्या वाळूत लाकडी पाटीने दिवसभर राबून कणभर सोनं काढणारी कुटुंबं आहेत, त्यांच्या हातात मोटर नाही आणि त्यांच्यापुढे पर्यायही नाही. आठवड्याची नोकरी करून शनिवारी मजेसाठी नदीवर जाणाऱ्या आमच्यासारख्यांना तरी थांबायला काय हरकत आहे?

आता ती कमी. बंदी घातली म्हणून पारा गेला नाही. तो तिथेच आहे, आणि प्रत्येक मोठ्या पुराला थोडा थोडा खाली येतोच. इथे माझं सरकारशी भांडण आहे. हौशी माणसाला पाइप खाली ठेवायला सांगितलंत, बरोबर केलंत, पण मग तो पारा नीट, पाणी न गढुळता, गाळ वेगळा करून काढायची जबाबदारी तुमची झाली. बेअर नदीच्या कॉम्बी जलाशयात स्थानिक पाणीपुरवठा मंडळाने गाळ उपसताना त्यातला पारा वेगळा काढायचा प्रकल्प हातात घेतला, असं काम होऊ शकतं हे त्यावरून दिसतं. तसे प्रकल्प प्रत्येक खोऱ्यात पाहिजेत, आणि ते होत नाहीत तोवर ड्रेजवाल्यांचा 'आम्ही काढत होतो, तुम्ही तर काहीच करत नाही' हा टोमणा मला खोडता येत नाही. ज्या राज्याने सोन्याच्या जोरावर स्वतःला गोल्डन स्टेट म्हणवून घेतलं त्याने त्या सोन्याची घाण काढायला हात आखडता घेऊ नये. जुन्या ड्रेजवाल्यांना कुठल्या भेगेत पारा आहे हे बोटावर पाठ आहे, त्यांना गुन्हेगारासारखं वागवण्यापेक्षा नकाशे करायला बोलवा, त्यांच्याकडचा गोळा केलेला पारा काही न विचारता परत घ्या.

तुमच्या वाचकांपैकी जे या उन्हाळ्यात येणार आहेत त्यांना एवढं सांगा. प्लास्टिकचा पॅन घ्या, स्वस्त मिळतो. जायच्या आधी त्या पार्कच्या रेंजरला फोन करा, कुठल्या काठावर चालतं ते विचारा. काठ खणू नका, झाडाची मुळं उघडी पाडू नका, वाळू पाण्यातलीच घ्या आणि खड्डा परत भरा. पॅनमध्ये चांदीसारखे गोल थेंब पळताना दिसले किंवा सोनं पांढरं दिसलं तर तो पारा आहे, परत नदीत टाकू नका, बोटाने चोळत बसू नका, झाकणाच्या प्लास्टिकच्या बाटलीत थोड्या पाण्यासकट ठेवा आणि काउंटीच्या घरगुती घातक कचरा केंद्रात नेऊन द्या, ते घेतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, असं पांढरं सोनं घरी गॅसवर तापवून पारा उडवायचा प्रयत्न कोणीही करू नका, युट्यूबवर काहीही दाखवोत. त्या वाफा डोळ्यांना दिसत नाहीत, नातवंडं त्याच घरात असतात.

पुरवणीत पुढच्या वेळी हा विषय घेतलात तर मोटरचं ते वाक्य दुरुस्त करून छापा आणि माशांच्या सूचनेची चौकट द्या, एवढी विनंती. मजकूर मराठीत करून द्यायचा असेल तर मी देते, आणि इथल्या ग्रुपवर मी तो स्वतः फिरवते.

कळावे,
आपली एक वाचक,
फॉल्सम, कॅलिफोर्निया
(मूळ चिपळूण)